लँडलॉक्ड सॅल्मन: ओळख, बीज सोडणं आणि तळ्याची निगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, म्हणजे मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या तळ्यांवर गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींकडून आणि मत्स्यविज्ञान शिकणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किती मासे ठेवायचे, किमान लांबी किती, हंगाम कधी हे राज्यागणिक आणि तळ्यागणिक बदलतं. ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच पाहावं.

लँडलॉक्ड सॅल्मन म्हणजे नेमका कोणता मासा?

अटलांटिक सॅल्मनच, शास्त्रीय नाव साल्मो सलार. दुकानात नॉर्वेचा किंवा चिलीचा म्हणून मिळणारा पाळीव सॅल्मन याच जातीचा. फरक राहणीचा आहे. समुद्री सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. लँडलॉक्ड सॅल्मन ओढ्यात जन्मतो, तळ्यात वाढतो आणि पुन्हा ओढ्यात जातो. त्याचा समुद्र म्हणजे ते तळंच. १८५३ मध्ये शार्ल जिरार यांनी मेनमधल्या सेबेगो तळ्यातल्या माशाला वेगळी जात ठरवून नाव दिलं होतं, पण आता तो अटलांटिक सॅल्मनमध्येच धरतात.

आकार मात्र समुद्री भावंडांपेक्षा लहान. गळाला लागणारा नेहमीचा मासा ४० ते ५० सेंमीचा, साधारण अर्धा ते सव्वा किलोचा. मेनचा राज्यविक्रम १९०७ सालचा आहे: सेबेगोमधला २२ पौंड ८ औंसांचा, म्हणजे सव्वादहा किलोंच्या आसपासचा मासा.

धरणं बांधल्यामुळे तो तळ्यात अडकला का?

नाही, हा जुना गैरसमज आहे. हिमयुगानंतर जमिनीची आणि पाण्याची उंची बदलत गेली तेव्हाच हे मासे तळ्यांत स्थिरावले. धरणं फार नंतरची. काही ठिकाणी समुद्राची वाट मोकळी असूनही ते तळ्यातच राहतात, कारण तिथे पोटभर खायला मिळतं.

तो मूळचा कुठला? आता तर बऱ्याच ठिकाणी दिसतो.

मेनमध्ये मूळची वस्ती फक्त चार नद्यांच्या खोऱ्यांत होती: सेंट क्रॉय (वेस्ट ग्रँड तळं), युनियन (ग्रीन तळं), पेनॉब्स्कॉट (सेबेक तळं) आणि प्रिझम्पस्कॉट (सेबेगो तळं). बाकी शेकडो तळ्यांत तो माणसाने नेला. १८७० च्या दशकात ग्रँड लेक स्ट्रीम या ओढ्यावर अंडी गोळा करण्याचं काम सुरू झालं आणि तिथून हा मासा दूरदूर गेला. अर्जेंटिनातल्या नाउएल उआपी तळ्यात १९०४ मध्ये अमेरिकेहून ट्राउटबरोबर हाही पोहोचला. तिथली त्राफुल नदी आजही त्याच्यासाठीच ओळखली जाते. क्विबेकमध्ये लाक सें-जाँच्या परिसरात याला ‘वानानिश’ म्हणतात. युरोपात स्वीडनचं व्हेनर्न आणि रशियाचं लाडोगा या तळ्यांत तळ्यात वाढणारे सॅल्मन मूळचेच आहेत. मेनने १९६९ मध्ये याला राज्यमासा केलं.

ब्राउन ट्राउट आणि सॅल्मन वेगळे कसे ओळखायचे? दोघे सारखेच दिसतात.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चूक महागातही पडते, कारण अनेक तळ्यांत दोघांची किमान लांबी आणि मर्यादा वेगवेगळी असते. रंगावर अजिबात जाऊ नका. वसंतात तळ्यातला ब्राउन ट्राउट चंदेरी होतो आणि शरदात सॅल्मन तपकिरी पडतो. ठिपक्यांभोवती लालसर छटाही येते. पुढच्या खुणा याच क्रमाने पाहा.

पहिली खूण शेपटीची. सॅल्मनचं शेपटीआधीचं मनगट बारीक असतं आणि शेपटीच्या पराची टोकं ताठ, किंचित दुभंगलेली असतात. मनगटाला धरून मासा उचलला तर हात घसरत नाही. ब्राउन ट्राउटचं मनगट जाड आणि शेपूट जवळजवळ सरळ कापल्यासारखी, त्यामुळे तो हातातून निसटतो. २५ सेंमीपेक्षा लहान माशांत ही खूण फसवते, कारण लहानपणी दोघांचीही शेपूट दुभंगलेलीच असते.

दुसरी खूण वरच्या जबड्याची. तोंड मिटवून जबड्याचं हाड कुठे संपतं ते पाहा. सॅल्मनमध्ये ते डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत किंवा त्याआधीच संपतं, ब्राउन ट्राउटमध्ये कडेच्या बरंच मागे जातं. शरदातल्या मोठ्या नराचा जबडा लांबून खालचा ओठ आकड्यासारखा वळलेला असतो. त्याच्या बाबतीत ही खूण सोडून द्या.

तिसरी, शेपटीजवळच्या छोट्या मांसल पराचा रंग. सॅल्मनमध्ये तो राखाडी-हिरवट. ब्राउन ट्राउटमध्ये बहुधा नारिंगी किंवा नारिंगी कडेचा.

तरीही शंका राहिली तर टाळू पाहा. टाळूच्या मधोमध उभं हाड असतं. ब्राउन ट्राउटच्या या हाडावर मजबूत दातांच्या दोन नागमोडी रांगा बोटाला खरखरीत लागतात. सॅल्मनचे दात विरळ, कमकुवत, एका रांगेत असतात आणि मोठ्या माशाचे तर बरेचसे पडून गेलेले असतात. मासा सोडायचा असेल तर तोंडात बोटं घालू नका. ही तपासणी ठेवलेल्या माशाचीच.

कागदोपत्री नोंद करायची असेल तर खवले मोजतात. मांसल पराच्या मागच्या कडेपासून तिरकं खाली, पुढच्या बाजूला पार्श्वरेखेपर्यंत (कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी रेघ) सॅल्मनमध्ये १० ते १३ खवले भरतात, ब्राउन ट्राउटमध्ये १३ ते १६. तेरा आले तर या एका खुणेवर निकाल देऊ नये.

रेनबो, लेक ट्राउट, ब्रूक ट्राउट यांचं काय?

हे सोपे आहेत. रेनबोच्या शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, सॅल्मनची शेपूट बिनठिपक्यांची. लेक ट्राउटच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात आणि शेपूट खोल दुभंगलेली असते. ब्रूक ट्राउटच्या पाठीवर वळवळीत नक्षी आणि खालच्या परांना पांढरीशुभ्र कड. सॅल्मनच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात, काही इंग्रजी एक्स किंवा वाय अक्षरासारखे. बहुतेक पार्श्वरेखेच्या वर, आणि कल्ल्याच्या झाकणावर दोन-चार ठळक.

कोकनीलाही लँडलॉक्ड सॅल्मन म्हणतात. तो हाच का?

नव्हे. कोकनी हा पॅसिफिककडच्या सॉकाय सॅल्मनचा तळ्यात राहणारा प्रकार. गुदपराचे, म्हणजे पोटाखाली गुदद्वाराच्या मागे असलेल्या पराचे, काटे मोजा: अटलांटिक सॅल्मनमध्ये साधारण ८ ते ११, पॅसिफिक सॅल्मनमध्ये १३ किंवा जास्त. कोकनी पाण्यातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो आणि एकदाच अंडी घालून मरतो. लँडलॉक्ड सॅल्मन मासे खातो आणि प्रजननानंतर जगला तर पुन्हा अंडी घालतो. त्यामुळे कोकनीसाठी लिहिलेला बीजाचा हिशेब इथे लावता येत नाही.

मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ मिळतो, त्याचा काही संबंध?

काहीच नाही. तो रावस. समुद्रातला, खाडीतला, वेगळ्याच कुळातला मासा.

ओढ्यात बोटभर लांबीचे, अंगावर पट्टे असलेले मासे दिसतात. ते सॅल्मनची पिल्लं असू शकतात का?

असू शकतात. सॅल्मनच्या पिल्लाला पार म्हणतात. कुशीवर बोटांचे ठसे उमटल्यासारखे ८ ते ११ गडद उभे पट्टे आणि लगतच्या दोन पट्ट्यांच्या मधे एकेक लाल ठिपका, ही त्याची ठळक खूण. पंख पसरावेत तसे छातीचे मोठे पर पसरून ते वाहत्या पाण्यात दगडाला टेकून बसतात. ओढ्यात एक ते तीन वर्षं काढून चंदेरी झाले की तळ्यात उतरतात. ट्राउट समजून यांना पिशवीत टाकणारे कमी नाहीत, म्हणून तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यावर गळ टाकताना ही खूण लक्षात असू द्या.

एखादं तळं सॅल्मनला चालेल की नाही, हे कसं ठरवतात?

उन्हाळ्याच्या शेवटी. मे महिन्यात जवळजवळ प्रत्येक तळं सॅल्मनला चालण्यासारखं दिसतं; खरी परीक्षा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते.

होडी तळ्याच्या सर्वात खोल जागी उभी करा. तापमान आणि विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र पृष्ठभागापासून तळापर्यंत दर मीटरला थांबवत सोडा आणि आकडे लिहा. सॅल्मनला १० ते १५ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं, २१ च्या वर तो अडचणीत येतो. प्राणवायू दर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम हवा. या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा पाण्याचा थर किती जाडीचा आहे, ते पाहा.

चांगल्या तळ्यात हा थर आठ-दहा मीटरपासून पार खोलवर असतो. शेतातलं खत किंवा काठच्या घरांचं सांडपाणी पोहोचणाऱ्या तळ्यात मात्र तळाशी कुजण्याने प्राणवायू संपतो. मग वरून ऊन आणि खालून गुदमर, अशा सांदीत मासा सापडतो. थर दोन-तीन मीटरचा उरला तर मासे लगेच मरतातच असं नाही, पण खाणं थांबतं, वाढ खुंटते आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात सगळं बीज वाया जातं. एका वर्षाच्या मोजणीवर निर्णय घेऊ नका. शक्य तर सर्वात उष्ण वर्ष पकडा.

तापमान आणि प्राणवायू जमले तरी पुढचा प्रश्न उरतोच: तो खाणार काय?

स्मेल्टवर एवढा भर का देतात?

कारण सॅल्मन किती मोठा होणार हे स्मेल्ट ठरवतो. रेनबो स्मेल्ट हा बोटभर ते वीतभर लांबीचा, निमुळता, चंदेरी मासा. तो थंड पाण्यात थव्याने राहतो, म्हणजे नेमका सॅल्मनच्याच थरात. स्मेल्ट मुबलक असेल तर सॅल्मन झपाट्याने वाढतो. स्मेल्ट संपला की तोच सॅल्मन किडे खाऊन जगतो, पण लांब डोकं आणि चिंचोळं अंग अशी त्याची दशा होते. पर्च किंवा छोटे मिनो मासे स्मेल्टची जागा घेऊ शकत नाहीत, कारण ते काठाच्या कोमट पाण्यात असतात आणि उन्हाळ्यात सॅल्मन तिथे जात नाही.

स्मेल्टची संख्या मुळातच वर-खाली होते. बर्फ वितळताच ते रात्री ओढ्यांत चढतात आणि दगडगोट्यांवर चिकट अंडी घालतात. ओढ्याचं तोंड गाळाने बुजलं, रस्त्याखालच्या मोरीचा पाइप उंच बसवला गेला किंवा दांडीच्या जाळीने बेसुमार पकड झाली, की पुढची पिढी लहान होते. म्हणूनच मेनमधल्या बऱ्याच ओढ्यांवर स्मेल्ट पकडायला बंदी आहे. सॅल्मनच्या तळ्यावर पैसे खर्चायचे असतील तर आधी ओढ्याची मोरी नीट बसवा. ते काम एकदा केलं की दरवर्षी उपयोगी पडतं.

मग किती बीज सोडायचं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. इथली गणितं साधारण एकरी एका माशाच्या आसपास फिरतात आणि अनेक तळ्यांत त्याहूनही खाली राहतात. महाराष्ट्रात जलाशयात रोहू-कटल्याची बोटुकली हेक्टरी शेकड्यांनी सोडलेली पाहिली असेल तर हा आकडा चुकीचा वाटेल. पण ते मासे अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असतात, आणि सॅल्मन मासे खाणारा आहे.

समजा ८०० एकरांचं तळं आहे, स्मेल्ट मध्यम आहे आणि ओढ्यात नैसर्गिक प्रजनन नाही. एकरी अर्ध्या माशाने सुरुवात केली तर वर्षाला ४०० मासे होतात. हाच आकडा निदान तीन वर्षं तसाच ठेवा. मे महिन्यात सोडलेलं १५ ते २० सेंमीचं बीज धरण्याजोगं व्हायला दुसरा-तिसरा उन्हाळा उजाडतो, त्याआधी निकाल दिसतच नाही. दरवर्षी आकडा बदलला तर कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

या उशिरातून एक नेहमीची चूक होते. मासे लहान मिळू लागले की काठावरची मंडळी ‘बीज कमी पडतंय, जास्त सोडा’ म्हणतात. खरं तर स्मेल्टच्या मानाने मासे जास्त झालेले असतात. आणखी बीज सोडलं की उरलेला स्मेल्टही खलास होतो आणि दोन वर्षांनी मासे आणखी लहान होतात. अशा वेळी बीज निम्म्यावर आणणं किंवा एक वर्ष अजिबात न सोडणं हाच उपाय. लोकांना तो पटवून देणं तळ्यातल्या कामापेक्षा अवघड असतं.

मासे बारीक आहेत की ठीक, हे मोजायचं कसं?

कंडिशन फॅक्टर काढा, त्याला ‘के’ म्हणतात. वजन ग्रॅममध्ये घ्या, एक लाखाने गुणा आणि मिलिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागा.

४५० मिमी लांबीचा घन ९,११,२५,००० होतो. मासा ८२० ग्रॅमचा असेल तर के ०.९० येतो, म्हणजे ठीक. १,००० ग्रॅम असेल तर १.१०, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. ६८० ग्रॅमच भरला तर ०.७५, म्हणजे उपासमार. एक-दोन माशांवरून काही ठरत नाही. एकाच हंगामातले, एकाच वयाचे निदान वीस-तीस तरी हवेत. नुकतीच अंडी घातलेली मादी नेहमीच बारीक भरते, तिला वेगळं ठेवा. वजनकाटा वाऱ्यात हलणाऱ्या होडीत वापरू नका, आणि लांबी फळीवर नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, दरवेळी एकाच पद्धतीने घ्या.

ठेवलेल्या माशाचं पोटही उघडून पाहा. स्मेल्टचे काटे दिसतात की नुसते किडे, यावरून पुढच्या वर्षीचा के कुठे जाणार याचा अंदाज येतो.

वय कशावरून कळतं?

खवल्यांवरून. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाखाली, पार्श्वरेखेच्या किंचित वर, बोथट सुरीने आधी चिकटा पुसून टाकायचा आणि मग दहा-बारा खवले काढून कागदी पाकिटात ठेवायचे. पाकिटावर तारीख, तळं, लांबी, वजन आणि कापलेला पर लिहायचा. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यावर वर्तुळं दिसतात. हिवाळ्यात ती दाटीवाटीने पडतात. ओढ्यातली वर्षं दाट आणि तळ्यातली विरळ दिसतात, त्यामुळे मासा तळ्यात कधी उतरला तेही कळतं. मध्यभाग कोरा असलेला खवला गळून पुन्हा उगवलेला असतो. तो बाजूला ठेवा. खवले दहा-बारा घ्यायचे ते यासाठीच.

माझ्या माशाचा एक पर नव्हता. आजारी होता का?

बहुधा नाही. मत्स्यबीज केंद्रात सोडण्याआधी एखादा पर मुळापासून कापतात, दरवर्षी वेगळा. यंदा मांसल पर, पुढच्या वर्षी डावा पोटाचा, मग उजवा, असं चक्र चालतं. त्यामुळे पकडलेला मासा कोणत्या वर्षी सोडलेला आणि किती वयाचा हे एका नजरेत कळतं. सगळं बीज खूण करूनच सोडलेलं असेल तर सगळे पर शाबूत असलेला मासा ओढ्यातला, म्हणजे नैसर्गिक जन्माचा. स्वीडनच्या व्हेनर्न तळ्यात तर नियमच असा आहे: मांसल पर कापलेला असेल तरच मासा ठेवायचा, शाबूत असेल तर सोडायचा.

अर्धवट कापलेला पर पुन्हा वेडावाकडा उगवतो, म्हणून नुसता नाही-आहे न पाहता तो वाकडा आहे का हेही नोंदवा. आणि मत्स्यविभागाचा माणूस धक्क्यावर वही घेऊन भेटला तर दोन मिनिटं थांबून मासा दाखवा. पुढच्या वर्षी किती बीज सोडायचं ते त्या वहीवरून ठरतं.

बीज तयार कसं करतात?

सॅल्मन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत ओढ्यांकडे येतात. न्यू हॅम्पशायरमध्ये विनिपसॉकी तळ्याला मिळणाऱ्या मेल्विन नदीवरच्या पोप धरणापाशी असे मासे धरून अंडी काढतात. मेनमध्ये वेस्ट ग्रँड आणि सेबेगो या दोन वंशांवर भर आहे.

माशाला गुंगी देऊन अंग नीट पुसतात, कारण पाण्याचा एक थेंबही घोटाळा करतो. पाणी लागताच अंड्याचं छिद्र मिटू लागतं आणि नराचं वीर्यही मिनिटभरातच निष्क्रिय होतं. म्हणून मादीचं पोट पुढून मागे हलकेच दाबत अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यावर एकापेक्षा जास्त नरांचं वीर्य घालून ढवळतात आणि मगच पाणी ओततात. तासाभरात अंडी पाणी शोषून टणक होतात. मादीच्या दर किलो वजनामागे साधारण १,३०० ते १,५०० अंडी मिळतात.

नंतर आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटं निर्जंतुक करून थंड, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसेपर्यंत ट्रे हलवायचा नाही. या काळात धक्का बसला की अंडी पांढरी पडून मरतात, त्यावर बुरशी चढते आणि शेजारची चांगली अंडीही जातात. पाण्याचं तापमान आणि दिवस यांचा गुणाकार साधारण ४५० ते ५०० झाला की पिल्लं फुटतात. म्हणजे ५ अंशांच्या पाण्यात तीन महिने, कधी थोडे जास्त. पुढे दीड वर्ष वाढवून वसंतात सोडतात.

एवढी वाट का पाहायची? अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं सोडली तर स्वस्त पडत नाही का?

मोजणीला स्वस्त, पण हाती लागणाऱ्या माशामागे महाग. तळ्यात सोडलेली बारीक पिल्लं पर्च आणि बास फस्त करतात. त्यांची जागा ओढ्यात आहे, आणि रिकामा, खडकाळ, थंड ओढा उपलब्ध असेल तरच तिथे ती सोडण्यात अर्थ आहे. १५ ते २० सेंमीचा मासा सरळ तळ्यात जगू शकतो आणि काही महिन्यांत स्मेल्ट गिळण्याएवढा होतो.

सोडताना काय सांभाळायचं?

टाकीतलं आणि तळ्यातलं पाणी यात ५ अंशांहून जास्त फरक असेल तर तळ्याचं पाणी हळूहळू टाकीत मिसळत निदान अर्धा तास द्या. प्रवासात प्राणवायू चालू हवा. सोडण्याच्या आदल्या दिवशी खाणं बंद, नाहीतर टाकीतलं पाणी विष्ठेने नासतं.

सगळे मासे एकाच धक्क्यावर ओतू नका. दुसऱ्या दिवसापासून तिथे पाणकावळे आणि लून पक्षी रांग लावतात. होडीतून तीन-चार ठिकाणी पांगवून सोडा, तेही तळ्याच्या तोंडापासून लांब. सॅल्मनच्या अंगात प्रवाहाबरोबर खाली जायची ओढ असते. बाहेर पडणाऱ्या नदीजवळ सोडलेलं बीज सरळ निघून जातं आणि खालच्या तळ्यावरची मंडळी खूश होतात.

आमच्या घरामागच्या तळ्यात चार सॅल्मन आणून सोडले तर चालेल?

नाही. परवानगीविना जिवंत मासे एका पाण्यातून दुसऱ्यात नेणं या सगळ्या राज्यांत गुन्हा आहे. माशाबरोबर रोगजंतूही जातात. याशिवाय रेंजलीचा धडा आहेच. मेनमधल्या रेंजली तळ्यांत एके काळी राक्षसी ब्रूक ट्राउट आणि ‘ब्लूबॅक’ नावाचा, आर्क्टिक चार (char) या ट्राउटच्या नात्यातल्या माशाचा दुर्मीळ प्रकार होता. १८७० च्या दशकात तिथे सॅल्मन आणला, मागोमाग स्मेल्टही आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथला ब्लूबॅक नाहीसा झाला.

तळ्यात लेक ट्राउटही आहेत. भांडण होतं का?

होतं, आणि बहुधा लेक ट्राउट जिंकतो. तोही स्मेल्टवरच जगतो, जास्त वर्षं जगतो, आणि तळ्याच्या खडकाळ भागातच अंडी घालतो, म्हणून ओढ्याची गरजही नसते. सेबेगोत १९७० च्या दशकात लेक ट्राउट सोडले आणि पुढे तेच स्मेल्टचे मोठे वाटेकरी झाले. मेनमधल्याच मूसहेड तळ्यातही हेच. तिथे लेक ट्राउटवरची मर्यादा सैल करून लोकांना भरपूर ठेवायला लावलं, तेव्हा स्मेल्ट आणि पाठोपाठ सॅल्मनही सावरला. अशा तळ्यावर जास्तीत जास्त मासे पाण्यात परत सोडणं म्हणजे तळ्याचं भलं, हे समीकरण लागू पडत नाही. ठेवायला परवानगी असलेला लहान लेक ट्राउट घरी न्या.

आलेवाइफ मासा आला की सॅल्मनचं नुकसान होतं म्हणतात. तो तर खाद्यच आहे ना?

खाद्य आहे, पण त्यात थायमिनेज हे विकर असतं, जे बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. आलेवाइफवर वाढलेला सॅल्मन दिसायला गलेलठ्ठ असतो, पण त्याच्या अंड्यांत बी-१ फार कमी असतं. पिल्लं फुटतात, गोल गोल भेलकांडतात आणि स्वतः खायला शिकण्याआधीच मरतात. न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्समध्ये हे आधी नीट ओळखलं गेलं, म्हणून याला ‘कायुगा सिंड्रोम’ म्हणतात. बीज केंद्रात अंडी थायमिनच्या द्रावणात बुडवली की पिल्लं वाचतात. ओढ्यातल्या अंड्यांना मात्र कोणी वाचवू शकत नाही, म्हणजे नैसर्गिक प्रजननाची आशा तिथे फार कमी उरते. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटच्या सीमेवरच्या शॅम्प्लेन तळ्यात आलेवाइफ २००३ मध्ये आढळला.

शॅम्प्लेनच्या सॅल्मनच्या अंगावर गोल जखमा कसल्या असतात?

सी लॅम्प्रीच्या. हा बिनजबड्याचा, सापासारखा मासा चूषकासारख्या तोंडाने चिकटून रक्त शोषतो. १९९० पासून तिथे ओढ्यांत टीएफएम हे रसायन ठरावीक प्रमाणात सोडून चिखलातल्या लॅम्प्रीच्या अळ्या मारतात. दर शंभर सॅल्मनमागे १५ पेक्षा जास्त जखमा नसाव्यात हे तिथलं उद्दिष्ट आहे. ताजी जखम लाल, खोल. भरलेली फिकट वळासारखी. मोजणीत ताजी आणि जुनी वेगळी लिहितात. अशा माशाचं मांस खायला चालतं, जखमेपुरता भाग कापून टाका.

गळाला लावायचा कसा आणि सोडायचा कसा?

बर्फ फुटल्यानंतरचे तीन-चार आठवडे उत्तम. स्मेल्ट काठाला असतात, सॅल्मन त्यांच्यामागे वरच्या तीन मीटरांत. स्मेल्टसारख्या दिसणाऱ्या, गळाला बांधलेल्या लांब पिसांच्या नकली माशा, ‘ग्रे घोस्ट’ किंवा तसल्या, होडीमागे ताशी तीन ते पाच किलोमीटर वेगाने ओढा. लेक ट्राउटसाठी वापरता त्यापेक्षा वेग जास्त हवा. ओढताना होडी नागमोडी न्या. वळणावर माशी क्षणभर मंदावते आणि पुन्हा झेपावते, झटका बहुधा तेव्हाच येतो. उन्हाळ्यात तापमानाचा थर शोधून साधारण ९ ते १५ मीटर खोल जावं लागतं.

सोडायचा असेल तर बिनकाट्याचा गळ, रबरी जाळं, ओले हात. सॅल्मनचे खवले पटकन निघतात. कापडी मोजे आणि होडीचा कोरडा तळ दोन्ही घातक. फोटो काढायचा तर आधी कॅमेरा तयार ठेवा, मग मासा उचला. पृष्ठभागाचं पाणी २० अंशांच्या वर गेलं असेल तर खोलातून ओढून आणलेला मासा सोडला तरी बरेचदा मरतो. त्या दिवसांत मर्यादेएवढे ठेवा आणि गळ गुंडाळा.

महाराष्ट्रात हा मासा सोडता येईल का?

नाही. आपल्या जलाशयांचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या सहनशक्तीच्या फार वर जातं. भारतात थंड पाण्याचे परदेशी मासे टिकले ते काश्मीर-हिमाचलसारख्या भागांत, तेही ट्राउट. महाराष्ट्रात गळाच्या खेळासाठी बीज सोडायचं तर महसीर आहे. त्याचं बीज तयार करायचं काम टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवणला अनेक वर्षं केलं आहे.

खायला कसा? रोज खाल्ला तर चालेल?

चव चांगली, मांस फिकट नारिंगी, समुद्री सॅल्मनपेक्षा चरबी कमी. त्यामुळे तव्यावर पटकन कोरडा होतो. मंद आचेवर, झाकण ठेवून करा. रोज मात्र नको. ईशान्येकडच्या तळ्यांतल्या माशांत पारा साठतो. मेनच्या आरोग्य विभागाच्या सल्ल्यानुसार सॅल्मन आणि ब्रूक ट्राउट आठवड्यातून एकदा चालतो. गरोदर, स्तनदा किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया आणि ८ वर्षांखालील मुलांसाठी महिन्यातून एकदाच. कातडी किंवा चरबी काढून पारा कमी होत नाही, तो मांसातच असतो. त्यामुळे घरच्यांसाठी जपून ठेवायचा तो लहान मासा. मोठ्यात पारा जास्त.